मुदतीतलं भात

काल्हेरला मी ज्या गोदामात काम करते, तिथल्या ऑफिसला खिडकी नाही. ट्रक मागे घ्यायचा असला की पुढचं मोठं शटर वर जातं आणि तेवढ्या वेळात बाहेरचा ऋतू आत येतो. एरवी तो डिझेलचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा असतो. गेल्या आठवड्यापासून त्यात एक ओलसर, गोडसर वास मिसळला आहे. कापलेल्या भाताचा. गोदामांच्या मागे कुठेतरी कुणाचं तरी एवढंसं खाचर अजून राहिलं असणार. शटर खाली आलं की वास तुटतो, आणि मी पुन्हा समोरच्या यादीतली खोकी मोजायला लागते.

परवा जेवायच्या सुट्टीत डिस्पॅचमधला संदेश नावाचा मुलगा मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"तू कॉमर्सची ना? मग सांग, शेअर बाजारात फ्यूचर बरं की ऑप्शन? माझ्याकडे थोडेच पैसे आहेत."

"हिला काय विचारतोस?" पलीकडून स्वप्नाली म्हणाली. "ही वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मेलवर पाठवते. तुला उत्तर मिळेल पुढच्या महिन्यात."

सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाले, "मला नाही माहीत."

ते खरं नव्हतं. मला नीट माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, भात पिवळं पडत असताना, मीच ते पप्पांना शिकवलं होतं.

अंजूरला आमचं घर आहे. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, वरचा पप्पांनी चढवलेला. समोर ओटा, आणि ओट्यावरून पूर्वी सरळ खाडीपर्यंत दिसायचं. आता मधे गोदामांची निळी पत्र्याची छपरं आहेत. त्या छपरांच्या पलीकडे, खाडीच्या बांधाला लागून, आमचं शेवटचं शेत. बाकीच्या जमिनी गेल्या. एक रस्त्यात गेली, एक गोदामवाल्याला. मी भिवंडीत इंग्रजी शाळेत शिकले ते त्यातल्याच एका तुकड्यावर.

"तू इंग्रजी शिकलीस की आपल्याला कोन फसवनार न्हाय," असं पप्पा म्हणायचे. त्यामुळे आठवीपासून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यासमोर यायचा. बँकेचं पत्र, विजेच्या कंपनीची नोटीस, गोदामवाल्याचा करार. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. मला ते आवडायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं सांगायचं असलं की स्वतःचं काही बोलावं लागत नाही. शाळेत मी आगरी बोलले की मुली हसायच्या, घरी इंग्रजाळलेलं मराठी बोलले की भाऊबंद हसायचे. मधली सोपी वाट मी शोधून काढली होती, ती गप्प राहण्याची. माणसं ते शहाणपण समजतात. पप्पाही समजायचे.

त्या वर्षी मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. ऑक्टोबरातलं ऊन, शिसं वितळावं तसं. शेतातलं पाणी उतरलं होतं आणि भाताच्या लोंब्या खाली वाकायला लागल्या होत्या. एका सकाळी नऊच्या सुमारास पप्पा चहाचा कप घेऊन ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि मोबाइलवरचं शेअर बाजाराचं अॅप पुढे केलं.

"बाय, ह्या काय हाय? सगळी पोरा हेच करतान. तुज्या पुस्तकात हाय का?"

माझ्या पुस्तकात होतं. नुकताच तो धडा संपला होता. मी पुस्तकातल्यासारखं सांगायला गेले तर त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग मला एकदम सुचलं.

"पप्पा, हे इसारासारखं आहे."

आमच्याकडे जमिनीचा व्यवहार असा होतो. भाव ठरतो. घेणारा थोडे पैसे आधी देतो, तो इसार. मग मुदत ठरते, सहा महिने, वर्ष. मुदतीत तो उरलेले पैसे घेऊन आला तर ठरलेल्या भावाला जमीन त्याची, मग बाजारात भाव कितीही वर गेलेला असो. आला नाही तर जमीन आपल्यापाशी राहते आणि इसारही आपल्यापाशी राहतो. ऑप्शन म्हणजे तेच, मी सांगितलं. घेणारा थोडे पैसे देऊन ठरलेल्या भावाचा हक्क विकत घेतो. मुदत संपली आणि भाव तिथवर गेला नाही तर त्याचे पैसे गेले.

"आनी ते जातान कोनाकडं?"

"ज्याने ऑप्शन विकलं त्याच्याकडे."

पप्पांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, निदान माझ्यामुळे तरी नाही. "अरे, ह्यो तर आपला धंदा हाय!"

त्याला कारण होतं. खाडीलगतच्या त्या शेतावर आजवर तिघांनी इसार दिला होता. तिघेही आधी मुदत वाढवून मागायला आले होते. पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे. पप्पा मुदत वाढवून द्यायचे. एकदा, दोनदा. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मग ते यायचेच बंद व्हायचे. इसार आमच्याकडे राहायचा, शेतही राहायचं. एकाच्या इसारावर वरच्या मजल्याचा स्लॅब घातला. दुसऱ्याच्या इसारावर माझी कॉलेजची फी गेली. तिसरा गेल्यावर पप्पा आईला म्हणाले होते, "शेताचीच इच्छा न्हाय जायाची." त्यानंतर त्यांनी ते विकायचं नावच सोडलं.

म्हणजे उभ्या आयुष्यात पप्पांनी एवढंच पाहिलं होतं की इसार देणारा बुडतो, घेणारा कधी बुडत नाही. म्हणून ते ऑप्शन विकत घेणाऱ्यांतले झाले नाहीत. ते विकणाऱ्यांतले झाले.

अॅप उघडलं की आधी एक सूचना येते, या व्यवहारात बहुतेक लोकांचं नुकसान होतं अशी. मी तीसुद्धा वाचून दाखवली.

"सिगरेटच्या पाकिटावर पन लिवलेला असता," पप्पा म्हणाले. आणि आम्ही दोघं हसलो. मला तो हसण्याचा आवाज आठवतो. त्यात माझाही होता.

विकणाऱ्याला तारण म्हणून मोठी रक्कम ठेवावी लागते. ती बँकेत होती, गोदामवाल्याला दिलेल्या जमिनीची. त्यात माझ्या आत्याचाही वाटा होता. आत्या वज्रेश्वरीला असते. कुंडाच्या वाटेवर तिचं हार-नारळाचं छोटं दुकान आहे. तिने विश्वासाने आपला वाटा भावाच्या खात्यात राहू दिला होता, पोराचं लग्न ठरलं की घेईन म्हणून. पप्पा म्हणाले, "खर्च कुठं करतो? ठेवायचाच हाय ना. हिथं न्हाय तर तिथं."

मग रोजचं ठरून गेलं. सव्वानऊला बाजार उघडायचा. त्याआधी पप्पा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ओट्यावर हजर. मी कॉलेजला सुट्टी असली की शेजारी. आई आतून तांदळाच्या भाकरी थापताना विचारायची, "आज काय बोलतंय तुमचा?" जसं काही घरात आजारी माणूस आहे. दर गुरुवारी मुदत संपायची. आता तो वारही बदलला आहे, पण तेव्हा गुरुवार होता. साडेतीनला आकडे थांबायचे आणि पप्पा म्हणायचे, "आला इसार."

चार गुरुवार आला.

शकीलभाई त्याच दिवसांत यायचे. भिवंडीत त्यांचे कापडाचे आठ लूम, यंत्रमाग, होते. पप्पांची आणि त्यांची ओळख फार जुनी, आमच्या खालच्या खोलीत कधीकाळी ते सूत ठेवायचे तेव्हापासूनची. लूम बंद पडत चालले होते आणि दुपारचा वेळ त्यांना खायला उठायचा. तेही बाजारात होते, पण ते फक्त फ्यूचर करायचे.

"दादा, अपना तो सूत के सौदे जैसा है," ते म्हणायचे. "आज भाव बोला, महीने बाद माल उठाना है. भाव गिरा तो भी उठाना है. जबान दी तो दी. दोनों बंधे हुए."

"आनी रोज पैसे कापतात तुमचे," पप्पा त्यांना चिडवायचे. फ्यूचरमध्ये रोज संध्याकाळी हिशेब होतो. भाव आपल्या बाजूने गेला तर पैसे जमा होतात, विरुद्ध गेला तर त्याच दिवशी कापले जातात. "हमको देखो. बैठ के इसार खाता है."

शकीलभाई हसले नाहीत. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "मेरा दर्द रोज शाम को थोड़ा थोड़ा आता है, दादा. रोज पता चलता है कितना कटा. आपको दर्द आता ही नहीं. मुझे उसी का डर लगता है."

"ह्यांना सगल्याचीच भीती," पप्पा मला म्हणाले. मी खाली बघितलं. माझ्या बोटांवर चण्याच्या सालांचा चुरा होता. एवढंच आठवतं.

फ्यूचर बरं की ऑप्शन, याचं उत्तर माझ्यापाशी असेल तर ते शकीलभाईंच्या त्या बशीत आहे. फ्यूचर घेणारा आणि विकणारा दोघंही बांधलेले असतात, आणि जखम रोज उघडून बघावी लागते. ऑप्शन विकत घेणाऱ्याचं नुकसान ठरलेलं असतं, दिलं तेवढंच. आणि विकणाऱ्याला रोज वाटतं की आपल्याला काहीच झालेलं नाही. यातलं कुठलं बरं, ते मी आजही सांगू शकत नाही. लहान माणसाला दोन्हीकडे तोच एक मोबाइल हातात असतो आणि पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही. शकीलभाईंचंही गेलंच. थोडं थोडं करून गेलं, आणि एका दिवशी ते स्वतःच थांबले. त्या डिसेंबरात त्यांचे लूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले तेव्हा ते पप्पांना म्हणाले होते, "कम से कम गिनते गिनते गया."

कापणी सुरू झाली तेव्हाची एक दुपार. मी कापणीच्या बायकांसाठी चहाची किटली आणि भाकऱ्यांचं फडकं घेऊन शेतावर गेले होते. विळ्यांचा कर्रकर्र आवाज, मधेच हसणं, बगळे बायकांच्या मागे मागे. पप्पा बांधावर उभे होते. एका हातात भाताची लोंबी, दुसऱ्या हातात मोबाइल. पायाखाली त्यांची जमीन होती, टाचा चिखलात रुतलेल्या. आणि त्या पायांकडे बघताना मला ते कळलं.

इसार घेणाऱ्याकडे जमीन असते. जमीन घेणारा खरंच पैसे घेऊन दारात आला तर दुःख होईल, भाव वर गेला म्हणून हळहळ वाटेल, पण जमीन काढून देता येते. पप्पांकडे इथे काय होतं? इंडेक्स, म्हणजे ज्या बाजार-निर्देशांकाचे ऑप्शन ते विकत होते तो, वर गेला तर काढून काय देणार? ज्या जमिनीचा इसार आपण दर आठवड्याला घेतोय, ती आपली नाही. ती जमीन आपल्याला त्या दिवशी बाजारातून, असेल त्या भावाने विकत घेऊन द्यावी लागणार. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलं होतं, विकणाऱ्याच्या तोट्याला मर्यादा नाही म्हणून. ती ओळ मी परीक्षेत लिहून आले होते.

आमच्या गावात दुसऱ्याच्या जमिनीचा इसार घेणाऱ्याला काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. असे दोघं-तिघं आहेत. त्यांच्या घरच्या लग्नाला लोक जातात, पण जेवत नाहीत. हे पप्पांना कसं सांगणार? त्यांना ते शिवीसारखं लागलं असतं.

हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. दुसरंही होतं. चार आठवडे पप्पा माझ्या शेजारी बसत होते. माझं ऐकत होते. आजूबाजूच्या माणसांना सांगत होते, "माज्या बायना शिकवला मना." मी बोलले असते तर ते उठून गेले असते. मी किटलीतून चहा ओतला. पप्पांना कप दिला. ते म्हणाले, "काय गं, काय बगतंस?" मी म्हणाले, "काही नाही."

पुढच्या बुधवारी सकाळी बाजार उघडतानाच एकदम वर उघडला. कुठल्याशा परदेशातल्या बातमीने. पप्पांनी विकलेला भाव मागे पडला आणि इंडेक्स पुढेच जात राहिला. पहिल्यांदाच पडद्यावर लाल आकडा आला. पप्पा शांत होते.

"उद्यापर्यंत मुदत हाय ना? बगू."

ते तेव्हाच बाहेर पडले असते तर नुकसान अर्ध्यावर थांबलं असतं. मी हे म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी आईने आतून चहा झाल्याची हाक मारली. मी चहा आणायला उठले. मी उठले, कारण मला उठायचं होतं.

गुरुवारी तो आणखी वर गेला. दुपारी दोनला पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं.

"बाय, मुदत वाढवून भेटंल ना?"

मला आधी कळलंच नाही.

"अर्ज कर ना इंग्रजीत. सांग त्यांना, पंधरा दिवसाची द्या. आपुन किती जनांना दिली. भाव उतरंल खाली पंधरा दिवसात. नीट लिव, विनंती म्हनून लिव."

त्या क्षणी तरी मी सांगायला हवं होतं. पप्पा, तिकडे कोणी नाही. ओटा नाही, चहा नाही, पेढ्यांचा पुडा घेऊन जावं असं दार नाही. साडेतीन म्हणजे साडेतीन. पण त्यांनी सांगितलं आणि मी लॅपटॉप उघडला. मी लिहिलं. आदरणीय महोदय. माझे वडील एक प्रामाणिक ग्राहक आहेत. काही अपरिहार्य कारणामुळे त्यांना पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळावी. शाळेत रजेचे अर्ज लिहायला शिकवतात तसं, समास सोडून, व्यवस्थित. पप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना त्यातलं फक्त स्वतःचं नाव वाचता येत होतं.

"पाठवला?"

"हो."

मी तो पाठवला नाही. पाठवून तरी काय, एखादं यंत्र तक्रार नोंदवून घेतल्याचा नंबर देणार आणि तिकडे कुणीतरी वाचून हसणार. पप्पांच्या विनंतीला कोणी हसलेलं मला चाललं नसतं. तो मेल मसुद्यांमध्ये तसाच पडून राहिला.

साडेतीन वाजले. आकडे थांबले. पप्पा बराच वेळ मोबाइलकडे बघत होते, पुढे अजून काही येणार असल्यासारखे. मग त्यांनी तो ओट्यावर पालथा ठेवला आणि शेतावर निघून गेले. आमचा वाटा गेला होता आणि आत्याचाही बराचसा.

नंतरचे दिवस झोडणीचे. खळ्यात फळीवर भाताचे भारे आपटल्याचा आवाज घरापर्यंत यायचा. धाप, धाप. मधे थांबायचा आणि परत. पप्पा त्या वर्षी मजुरांबरोबर स्वतः झोडायला उभे राहिले. संध्याकाळी अंगाला कोंडा चिकटलेला असायचा. घरात शिरताना ते मला विचारायचे, "उत्तर आला का?"

"नाही अजून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उत्तर आला का?" आठ-दहा दिवस तरी विचारत होते. मग विचारायचे थांबले. मोबाइल दाखवायचे थांबले. इंग्रजी कागदसुद्धा आले की टेबलावर ठेवून द्यायचे, माझ्या हातात देत नसत. ओट्यावरची माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळून झाल्यावर पप्पांनी ताटात नोट टाकली आणि तिथेच पाटावर बसल्या बसल्या तिला सगळं सांगितलं. निरांजन अजून जळत होतं. आत्याने ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "शेत नको इकू दादा. माज्यापायी नको. त्या शेतात मी पन राबलंय."

"तुजा हाय त्या तुला देयाचाच हाय," पप्पा म्हणाले.

पुढच्या वर्षी आत्याच्या पोराचं लग्न ठरलं. पप्पांनी शेताचा इसार घेतला. चौथ्यांदा. इसाराची सगळी रक्कम त्याच दिवशी वज्रेश्वरीला गेली. मुदत या दसऱ्यापर्यंत होती.

दसऱ्याला शेत घेणारा माणूस घरी आला. ठाण्याचा बिल्डर, सभ्य, सोबत वकील. ओट्यावर बसला. पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्याचं बँकेचं काम अडकलं होतं. त्याला संक्रांतीपर्यंत मुदत हवी होती.

आई दाराआड उभी होती. मला माहीत होतं ती काय विचार करत होती. नाही म्हणा. नाही म्हटलं की मुदत संपली, इसार आपला, शेत आपलं.

पप्पांनी पुड्यातला एक पेढा उचलला. "मुदत मागायला मानूस घरी आला तर देयाला लागती," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

वकिलाने दोन पानांचा कागद काढला, इंग्रजीतला. "नेहमीचंच आहे काका, फक्त तारीख बदललीये. इथे सही करा." पप्पांनी पेन घेतलं. मग थांबले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कागद माझ्या हातात दिला.

"वाच."

मी वाचला. तारीख होती. रक्कम होती. आणि दुसऱ्या पानावर खाली एक ओळ होती, की आजपासून घेणाऱ्याला जागेवर मातीचा भराव टाकायची मुभा राहील. मी ती ओळ दोनदा वाचली. छपरांच्या पलीकडे भात निसवलेलं होतं, लोंब्या बाहेर आलेल्या, पण अजून हिरवं. ओट्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. परकी माणसं, पप्पा, दाराआडून आई. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पप्पा," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "यात लिहिलंय की हे लोक आजपासूनच भराव टाकू शकतात. भात उभं आहे. सही करू नका."

"अहो ताई, ते फक्त फॉर्मॅलिटी..." वकील म्हणाला.

"मग काढून टाका," मी म्हणाले. "कापणी झाल्यावर. झोडणी झाल्यावर. संक्रांतीच्या आधी नाही. ते लिहा, मग पप्पा सही करतील."

बिल्डरने वकिलाकडे पाहिलं, मान हलवली. ओळ खोडली गेली. बाजूला नवी लिहिली गेली. दोन्हीकडच्या सह्या झाल्या. त्यांची गाडी गोदामांच्या रस्त्याला लागेपर्यंत पप्पा ओट्यावर उभे होते. मग ते माझ्या शेजारी बसले, बऱ्याच दिवसांनी.

"उत्तर आला एकदाचा," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं? की मी पाठवलाच नव्हता?"

"नाय म्हनायला तरी कोन ना कोन उत्तर देतोच ना, बाय." त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "मी त्यांच्या उत्तराची वाट न्हवतो बगत. रोज तुला इचारीत होतो. तू तवा काय बोलली नस, मना वाटला बरोबर चाललाय. तुज्या गप बसन्यावर मी इतका पैसा लावला." रागाने नाही म्हणाले. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

काल रविवारी झोडणी संपली. या वर्षीचं भात मुदतीतलं आहे, कुणाच्या तरी अडकलेल्या कर्जाने आमच्या पदरात टाकलेलं. त्याला वास मात्र दरवर्षीसारखाच आहे. खळ्यात रास पडली होती, पेंढा एका बाजूला रचलेला. शकीलभाई मुद्दाम भेटायला आले होते. त्यांनी मूठभर भात हातात घेऊन चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे तोंडात टाकले. "अच्छा है," म्हणाले.

पोती भरून झाली तेव्हा आईने दरवर्षीसारखं सूप घेतलं. राशीच्या मधल्या भागातलं, टपोरं, भरलेलं भात ती निवडू लागली. पुढच्या वर्षीचं बियाणं. एका स्वच्छ फडक्यात ती ओंजळ ओंजळ टाकत होती, हलके दाणे बाजूला करत होती. तिच्या हाताला ती सवय आहे, लग्न होऊन आली तेव्हापासूनची.

संक्रांतीनंतर तिथे मातीचे डंपर येणार आहेत. ते बियाणं पेरायचं कुठे?

तिला हे सांगायला कुणीच पुढे होत नव्हतं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून आईजवळ जाऊन बसले, आणि तिचा सूप धरलेला हात धरला.

"आई," मी म्हणाले.